रिमोट चावी अधूनमधून दगा देते तेव्हा: सेल, स्विच, कव्हर, टेस्टर यांतलं काय घ्यावं आणि काय नाही

गाडीची रिमोट चावी पूर्ण बंद पडली तर माणूस ती सरळ दुरुस्तीला नेतो. पण दहा वेळा दाबल्यावर सात वेळा चालणारी चावी हाती असली की अंदाजाने खरेदी सुरू होते. आधी सेल, मग नवं कव्हर, मग कुठलं तरी कॉपी रिमोट, आणि शेवटी नवीन चावी. या दुरुस्तीसाठी बाजारात मिळणाऱ्या वस्तूंचा हा आढावा त्या क्रमाच्या विरोधात आहे. सहज गळ्यात पडतं ते नवं कव्हर, आणि दोष काढायला सर्वांत कमी उपयोगी पडतं तेही तेच. चांगला सेल, साधा मल्टिमीटर, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि बोटाच्या नखापेक्षाही लहान स्विच एवढ्यावर बहुतेक चाव्या पुन्हा ठणठणीत होतात.

काही विकत घेण्याआधी चार गोष्टी बघून घ्या, त्याला पैसे पडत नाहीत. गाडीची दुसरी चावी त्याच जागी, त्याच अंतरावरून चालते का? दुसरीही अडखळत असेल तर दोष चावीत नाही, गाडीत किंवा त्या जागेत आहे. एकच बटण चालत नाही की सगळीच? एकच असेल तर सेलला दोष देऊ नका, तो स्विच गेला आहे. लांबून चालत नाही पण काचेजवळ धरल्यावर चालते? मग सेल, अँटेना किंवा आजूबाजूचा रेडिओ गोंधळ. आणि चौथी गोष्ट, गाडी सुरू होते का? दार उघडणारं रिमोट आणि ट्रान्सपॉन्डर, म्हणजे चावीची ओळख पटवून इंजिन सुरू होऊ देणारी चिप, या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत. ट्रान्सपॉन्डरला सेल लागत नाही. इग्निशनभोवतीच्या कॉइलमधून १२५ किंवा १३४.२ किलोहर्ट्झवर मिळणाऱ्या ऊर्जेवर तो चालतो. म्हणून दार न उघडणाऱ्या चावीनेही इंजिन व्यवस्थित सुरू होतं. उलट दार उघडत असूनही इंजिन सुरू होत नसेल, तर सेल बदलून काहीही होणार नाही.

सेल

बहुतेक चाव्यांत सीआर २०३२, सीआर २०२५, सीआर २०१६ किंवा सीआर १६२० सेल असतो. आकडा वाचायला सोपा आहे: पहिले दोन अंक व्यासाचे मिलिमीटर, पुढचे दोन जाडी, मिलिमीटरच्या दहाव्या भागात. म्हणजे २०३२ हा २० मिमी व्यासाचा आणि ३.२ मिमी जाडीचा. व्यास सारखाच असल्यामुळे २०३२ च्या जागी २०२५ बसवणं सोपं वाटतं, आणि 'कधी चालते, कधी नाही' हा आजार बरेचदा तिथूनच सुरू होतो. ०.७ मिमीची फट राहते, सेल त्याच्या खाचेत हलतो आणि संपर्क तुटत-जुळत राहतो. उलट २०२५ च्या जागी २०३२ दाबून बसवला की संपर्काच्या पट्ट्या वाकतात. नंतर योग्य सेल घातला तरी त्या सैलच राहतात.

आणखी एक सापळा दोन सेलच्या चाव्यांचा. काही जुन्या चाव्यांत दोन सीआर २०१६ एकावर एक बसवलेले असतात. दोन्ही मिळून जाडी ३.२ मिमी होते, म्हणजे एका २०३२ इतकीच. तिथे एकटा २०३२ अगदी छान बसतो, पण ६ व्होल्टऐवजी ३ व्होल्टच मिळतात. याच्या उलट चूक जास्त महागात जाते: ३ व्होल्टच्या चावीत दोन २०१६ घातले तर आतला सर्किट बोर्डच जळू शकतो. कव्हरच्या आत कोरलेला आकडा वाचल्याशिवाय सेल घेऊ नका. एलआयआर २०३२ हा रीचार्ज होणारा सेल तर रिमोट चावीसाठी घेऊच नये. पूर्ण चार्ज झाल्यावर तो ४.२ व्होल्ट देतो.

सेल चांगला आहे की नाही हे नुसत्या व्होल्टेजवरून ठरवणं ही या विषयातली सर्वांत जास्त होणारी चूक. लिथियम सेलचं व्होल्टेज आयुष्याच्या बहुतेक काळात जवळजवळ एकाच पातळीवर राहतं. नवा सेल मोकळा, म्हणजे त्याला काहीही न जोडता, मोजला तर ३.२ च्या आसपास दाखवतो, आणि दमलेला सेलही २.९ दाखवून फसवतो. दमलेल्या सेलचा अंतर्गत रोध वाढलेला असतो. नव्यात तो १०-२० ओहमच्या आसपास असतो, संपत आलेल्यात तो कित्येक पट होतो. चावी सिग्नल पाठवते तेव्हा क्षणभर १० मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह ओढते. त्या क्षणी व्होल्टेज कोसळतं आणि आतली चिप अर्ध्यावर थांबते. थंडीत हा रोध आणखी वाढतो, म्हणून पहाटे न चालणारी चावी दुपारी चालते.

खरी चाचणी भार लावून करायची. ३०० ओहमच्या जवळचा रेझिस्टर (३३० चालेल) सेलच्या दोन बाजूंना दोन सेकंद धरा आणि त्याच वेळी व्होल्टेज वाचा. चांगला सेल २.८ च्या वर टिकतो. २.५ च्या खाली घसरला तर बदला, मग मोकळा असताना तो काहीही दाखवो. सेल टेस्टर म्हणून विकली जाणारी काट्याची छोटी उपकरणं हेच काम करतात, पण कॉइन सेलसाठी, म्हणजे चावीतल्या अशा नाण्यासारख्या चपट्या सेलसाठी, वेगळी जागा किंवा पट्टी असलेलंच घ्यावं. गोल पेन्सिल सेलसाठीचा भार या सेलला फार जड पडतो. मल्टिमीटर घरात असेल तर टेस्टरची गरज नाही.

विकत घेताना नावाजलेल्या कंपनीचा, सीलबंद पाकिटातला, तारीख पुढची असलेला सेल घ्या. सुटे, एकमेकांवर रचून ठेवलेले सेल घेऊ नका. एकाची कड दुसऱ्याला लागून ते ठेवल्या ठेवल्या उतरतात. बसवताना धातूचा चिमटा नको. चिमट्याची टोकं दोन्ही ध्रुवांना टेकली की सेल शॉर्ट होतो. प्लॅस्टिकचा चिमटा किंवा कोरडं कापड वापरा, कारण बोटांचं तेलही संपर्कावर बसतं. जुना सेल काढण्याआधी अधिकचं चिन्ह वर होतं की खाली, याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. हे चिन्ह सगळ्या चाव्यांत एकाच बाजूला नसतं.

काही कंपन्या मुलांनी सेल तोंडात घालू नये म्हणून त्यावर कडू थर देतात. हेतू अतिशय योग्य आहे, आणि चावी त्यावर नीट चालत असेल तर तोच घ्यावा. मात्र काही उपकरणांत संपर्काचं टोक नेमकं त्या थरावर येतं आणि कोरा सेलही मेलेला वाटतो. नवा सेल घातल्यावर चावी अजिबात बोलली नाही, तर थर नसलेला सेल एकदा घालून बघा. मुलांचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट सांगायला हवं: गिळलेला कॉइन सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत गंभीर भाजणं होऊ शकतं. चावी उघडून टेबलावर ठेवून उठू नका. सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी थेट रुग्णालय गाठा.

काही जुन्या महागड्या गाड्यांच्या चाव्यांत व्हीएल २०२० सारखा रीचार्ज होणारा सेल बोर्डालाच डाख (सोल्डर) देऊन बसवलेला असतो आणि चावी इग्निशनमध्ये असताना तो चार्ज होतो. तिथे साधा सीआर सेल लावू नये. न चार्ज होणाऱ्या लिथियम सेलला चार्ज दिला तर तो फुगतो, फुटूही शकतो. पट्ट्या जोडलेला त्याच प्रकारचा सेल मिळतो, तोच घ्या. आणि कुठल्याही कॉइन सेलच्या अंगाला सोल्डरिंग आयर्न थेट टेकवायचा नाही.

संपर्क आणि सफाई

सेल चांगला निघाला तर नजर त्याला धरणाऱ्या पट्ट्यांकडे. त्या मळलेल्या, हिरवट किंवा चपट्या झालेल्या असतात. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी एवढ्यावर बहुतेक काम होतं. चिवट डागाला पेन्सिल खोडायचं रबर हलकेच फिरवा. सँडपेपर नको, तो वरचा मुलामा काढून टाकतो आणि महिन्याभरात गंज परत येतो. चपटी पट्टी सेल बाहेर काढून टोकाने किंचित उचलायची, केसभरच. जास्त वाकवली तर बुडाशी तुटते. फवारा घ्यायचाच असेल तर इलेक्ट्रॉनिक संपर्कासाठीचा, प्लॅस्टिकला चालणारा आणि मागे तेल न ठेवणारा घ्या. बिजागऱ्यांना मारायचा तेलकट फवारा चावीत मारला की त्यावर धूळ बसते आणि रबरी बटणं फुगतात.

स्विच: खरी दुरुस्ती इथे

अधूनमधून चालणाऱ्या चावीत सेलच्या खालोखाल दोष निघतो तो बोर्डावरच्या स्विचमध्ये. अशा स्विचचं आयुष्य साधारण एक लाख दाबांचं धरलेलं असतं, पण ते सरळ, मधोमध दाबलं तर. चावीत अंगठा तिरका पडतो, कुलूप उघडण्याचं बटण बाकीच्यांपेक्षा कितीतरी जास्त वापरलं जातं, आणि खिशातला दाब वेगळाच. आतली घुमटाकार पत्री दमते किंवा स्विचच्या पायाशी डाखाला तडा जातो.

तपासायची पद्धत: सेल काढा. मल्टिमीटर २०० ओहमच्या टप्प्यावर ठेवा. नुसत्या बीपवर भरवसा ठेवू नका, कारण तीस ओहमलाही बरेच मीटर बीप देतात. स्विचच्या दोन टोकांना मीटरच्या काड्या (प्रोब) लावून बटण हलकं, जोरात, मधोमध आणि चारही कडांवर दाबून बघा. चांगला स्विच प्रत्येक वेळी १ ओहमच्या खाली आणि तोच आकडा देतो. आकडा उड्या मारत असेल, किंवा जोरात दाबल्यावरच खाली येत असेल, तर तो स्विच बदला. रबरी पॅडखाली काळा कार्बनचा ठिपका असलेल्या जुन्या प्रकारात काहीशे ओहम येणं स्वाभाविक आहे. तिथे अल्कोहोलने हलकी सफाई पुरते.

बदलण्याआधी भिंग घ्या, दहापट मोठं दाखवणारं. स्विचच्या पायाभोवती किंवा सेलच्या पट्टीच्या मुळाशी डाखात बारीक गोल भेग दिसली तर स्विच बदलायचीही गरज नाही. थोडा फ्लक्स (डाख नीट धरण्यासाठी लावायचा पदार्थ) लावून ताजा डाख दिला की झालं. खाली पडलेल्या चावीत ही भेग अनेकदा सापडते.

नवा स्विच निवडताना लोक लांबी-रुंदी मोजतात आणि उंची विसरतात. हे स्विच ३×६×२.५ किंवा ६×६×४.३ अशा तीन आकड्यांत विकले जातात आणि तिसरा आकडा बटणासह उंचीचा असतो. व्हर्नियर कॅलिपरने (बारीक माप घ्यायच्या साधनाने) जुन्याची उंची मोजा. दोन दशांश मिलिमीटरने उंच स्विच बसला तरी कव्हर बंद केल्यावर बटण कायम दाबलेलं राहू शकतं. मग चावी काही वेळ सिग्नल पाठवत राहते, गाडी दुसरं बटण ऐकत नाही, आणि कोरा सेल पटकन उतरतो. 'सेल टिकतच नाही' या तक्रारीमागे हे कारण असू शकतं. कमी उंचीचा बसला तर बटण फार खोल दाबावं लागतं. चार पायांच्या स्विचमध्ये पाय जोडीजोडीने आतून जुळलेले असतात. तो ९० अंशांनी फिरवून लावला तर कायमचा शॉर्ट. बोर्डावर लावण्याआधी कोणते पाय आपसात जुळले आहेत ते मीटरने बघून घ्या.

सोल्डरिंग आयर्न ३२० ते ३५० अंश सेल्सिअस, टोक बारीक, फ्लक्स भरपूर. जुना स्विच ओढून काढू नका, बोर्डावरची तांब्याची पट्टी उखडते. दोन्ही बाजूंना ताजा डाख घालून आलटून पालटून गरम करा, तो आपोआप सरकतो. गरम हवेचं यंत्र वापरणार असाल तर शेजारच्या धातूच्या डबीवर, म्हणजे चावीची फ्रीक्वेन्सी ठरवणाऱ्या रेझोनेटर किंवा क्रिस्टलवर, उष्णतारोधी टेप लावा. मिश्र मापांच्या स्विचची पेटी मिळते. एका चावीसाठी ती लागत नाही, मोजून नेमके स्विच घ्या. मात्र कुलूप उघडायचा गेला असेल तर लावायचाही त्याच बैठकीत बदला. त्याचंही वय तेवढंच झालेलं असतं.

नवं कव्हर

कव्हर घ्यायचं ते जुन्याचं बटणाचं रबर फाटलं असेल, पात्याची बिजागरी सैल झाली असेल किंवा किचेनची कडी तुटली असेल तेव्हा. सिग्नल जात नाही म्हणून कव्हर घेण्यात अर्थ नाही. स्वस्त कव्हरमध्ये बोर्डाची बैठक सैल असते, बटणाच्या मागचा खुंट आखूड किंवा लांब असतो, आणि स्विच ठीक असूनही बटण लागत नाही. घेण्याआधी जुनं उघडून आतल्या खुंट्यांची जागा विक्रेत्याच्या चित्राशी ताडून पाहा. बाहेरून तंतोतंत दिसणाऱ्या दोन कव्हरांची आतली घडण वेगळी निघते.

इथे एक गोष्ट जीव तोडून सांगायची आहे. काही चाव्यांत ट्रान्सपॉन्डर बोर्डावर नसतो. तो काळा, चौकोनी, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा तुकडा किंवा बारीक काचेची नळी असतो आणि कव्हरच्या एका कप्प्यात चिकटवलेला असतो. जुनं कव्हर कचऱ्यात टाकलं की तोही जातो. नव्या कव्हरात दार झकास उघडतं आणि इंजिन सुरू होत नाही. जुनं कव्हर फेकण्याआधी प्रत्येक कोपरा उजेडात बघा, आणि इंजिन दोनदा सुरू करून पाहिल्याशिवाय ते टाकूच नका.

सिलिकॉनचं वरून घालायचं आवरण पातळ असेल तर हरकत नाही, जाड असेल तर बटण दाबून ठेवतं. धातूचं आवरण मात्र घेऊ नये. ते सिग्नल अडवतं आणि पल्ला सरळ कमी होतो.

टेस्टर

मोबाइलच्या कॅमेऱ्यात चावीचा प्रकाश दिसतो का, ही चाचणी फक्त अवरक्त किरणांवर चालणाऱ्या चाव्यांना लागू. आजच्या बहुतेक चाव्या रेडिओवर चालतात: अनेक देशांत ४३३.९२ मेगाहर्ट्झ, उत्तर अमेरिका आणि जपानमध्ये मुख्यतः ३१५. चावीवरचा छोटा दिवा लागला म्हणजे सिग्नल गेला असंही नाही. दिवा फक्त स्विच आणि चिप जागी झाल्याचं सांगतो.

हातात धरायचा फ्रीक्वेन्सी टेस्टर चावी किती मेगाहर्ट्झवर बोलते ते दाखवतो. एका चावीसाठी तो घेऊ नका, चावीवाल्याकडे तो असतोच. संगणक हाताळायची सवय असेल तर यूएसबीचा एसडीआर रिसीव्हर, म्हणजे रेडिओ सिग्नल संगणकाच्या पडद्यावर दाखवणारं उपकरण, जास्त उपयोगी, कारण त्यात चालू चावी आणि बिघडलेली चावी एकाच अंतरावरून पडद्यावर शेजारी शेजारी ताडता येतात. सिग्नल बारीक असेल तर सेल किंवा अँटेनाचा डाख; सिग्नल जोरदार पण बाजूला सरकलेला असेल तर रेझोनेटर किंवा क्रिस्टल. बऱ्याच चाव्यांत १३.५६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असतो आणि चिप तो ३२ पट करून ४३३.९२ गाठते, त्यामुळे चावी आपटून क्रिस्टलच्या फ्रीक्वेन्सीत पडलेला छोटा फरकही वर ३२ पट होऊन दिसतो.

चावी ठीक, तरी गाडी ऐकत नाही

४३३.९२ चा पट्टा हवामानयंत्रं, दारावरच्या बिनतारी घंटा आणि टायरमधले सेन्सर असे सगळे वापरतात. एकाच पार्किंगमध्ये चावी अडखळत असेल तर तिथला कुठला तरी ट्रान्समीटर कारण आहे. गाडीतला डॅशकॅम आणि मोबाइलचा चार्जर हेही गुन्हेगार असतात. त्यांचे प्लग काढून चावी पुन्हा तपासा. स्मार्ट चावी (खिशात ठेवूनच गाडी उघडणारी) असेल तर ती वायरलेस चार्जिंगच्या पॅडजवळ ठेवू नका. गाडी तिला १२५ किलोहर्ट्झच्या आसपास हाक मारते आणि तो पॅडही जवळपास त्याच पट्ट्यात काम करतो. स्मार्ट चावी गाडीपासून हाताच्या अंतरावर कायम टांगलेली असेल तर काही गाड्यांत ती सतत उत्तरं देत राहते आणि सेल लवकर संपतो. गाडीची १२ व्होल्टची बॅटरीही मोजा. रात्रभर उभ्या गाडीत ती १२.६ च्या आसपास हवी.

सेल बदलल्यावर किंवा चावी खिशात वारंवार दाबली गेल्यावर गाडी ओळख विसरल्यासारखी वागली, तर ते रोलिंग कोडमुळे, म्हणजे दर दाबाला बदलणाऱ्या कोडमुळे. प्रत्येक दाबाला मोजणी पुढे सरकते. कीलॉक या रोलिंग कोडच्या एका पद्धतीत गाडी पुढच्या १६ कोडपर्यंत लगेच मान्य करते. त्यापेक्षा पुढे गेलेली चावी सलग दोन कोड आल्यावर स्वीकारते. म्हणून गाडीजवळ उभं राहून तेच बटण सलग दोन-तीनदा दाबून पाहा. त्याने भागलं नाही तर गाडीच्या पुस्तिकेतली जुळवणीची कृती करा, कारण ती प्रत्येक गाडीची वेगळी असते.

कॉपी रिमोट आणि नवी चावी

'समोर धरा आणि कॉपी करा' प्रकारची रिमोटं कायम एकच कोड पाठवणाऱ्या फाटकांसाठी ठीक आहेत. रोलिंग कोडच्या गाडीला ती चालत नाहीत, घेऊ नका. कीडीआयवाय किंवा एक्सहॉर्स या कंपन्यांच्या युनिव्हर्सल चाव्या हा वेगळा आणि रास्त पर्याय आहे, पण त्या यंत्रावर तयार करून बहुतेक वेळा गाडीच्या ओबीडी जोडणीतून (डॅशबोर्डखालच्या तपासणीच्या सॉकेटमधून) शिकवाव्या लागतात. स्वस्तात मिळणारी वापरलेली मूळ चावी घेण्याआधी चावीवाल्याला विचारा. अनेक ट्रान्सपॉन्डर एका गाडीशी जुळले की कुलूपबंद होतात आणि दुसऱ्या गाडीला शिकवता येत नाहीत.

नवी चावी करायचीच असेल तर एक चावी चालू आहे तोवर करून घ्या, काम सोपं होतं. शिकवायला जाताना घरातल्या सगळ्या चाव्या सोबत न्या. बऱ्याच गाड्यांत त्या वेळी समोर नसलेल्या चाव्या यादीतून पुसल्या जातात, म्हणून दुकान सोडण्याआधी प्रत्येक चावीने दार उघडून, लावून आणि इंजिन सुरू करून बघा.